लागर बिअरचे रुचिपरीक्षण

लागर बिअरचे बाह्य स्वरूप, गंध, चव व मुखस्पर्श यांची ज्ञानेंद्रियांच्या साहाय्याने केलेली पद्धतशीर तपासणी आणि तीवरून ठरविण्यात येणारी तिची प्रत. मोड आणून वाळविलेल्या सातूच्या (माल्टच्या) गोड अर्कात हॉप या वेलीची फुले उकळून, तो अर्क नीच तापमानाला यीस्टने आंबवितात व तयार झालेली बिअर काही आठवडे थंडीत मुरवितात. अशा बिअरला लागर म्हणतात. ‘साठविणे’ या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून हे नाव पडले आहे. जगात खपणाऱ्या बिअरमध्ये लागरचा वाटा सर्वांत मोठा असून तिचा बहुतेक भाग मोठ्या कारखान्यांतून येतो. तेथे प्रयोगशाळेच्या देखरेखीमुळे बिअरचा एक साठा दुसऱ्यासारखाच निघतो. लहान व स्वतंत्र ब्रुअरींतील (क्राफ्ट ब्रुअरींतील) लागरची प्रत मात्र घाण्यागणिक बदलू शकते. त्यामुळे तिचे परीक्षण अधिक आवश्यक ठरते आणि ते अधिक अवघडही असते, कारण अशा ब्रुअरीचा नेहमीचा ग्राहक बहुधा तिचा चाहता असतो. बिअर निर्दोष आहे काय, ती आपल्या प्रकाराला धरून आहे काय आणि ती आपल्याला आवडते काय, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. परीक्षणाची सारी पद्धत हे प्रश्न एकमेकांत मिसळू नयेत यासाठी रचलेली आहे.

लागरचे वेगळेपण : एल या प्रकारच्या बिअरचे किण्वन (आंबण्याची क्रिया) सु. १८° ते २२° से. तापमानाला होते आणि त्यात यीस्टपासून फळांसारखा वास असलेली एस्टरे भरपूर निर्माण होतात. लागरचे किण्वन ८° ते १३° से. ला चालते. ते सावकाश होते आणि एस्टरे अल्प प्रमाणात तयार होतात. नंतर ०° से. च्या आसपास मुरविताना यीस्ट व प्रथिनांचा गाळ खाली बसतो आणि बिअर नितळ होते. या बिअरमध्ये माल्ट, हॉप व पाणी यांचीच चव समोर येते. काळ्या स्टाउट बिअरमधील करपलेल्या धान्याचा स्वाद किंवा हॉपचा भडिमार केलेल्या एलमधील तीव्र सुगंध अनेक उणिवा झाकून टाकतो. फिकट लागरमध्ये असा आडोसा नसतो. कुशल बिअरकारागिराची पारख साध्या लागरवरून करावी असे या व्यवसायात म्हणतात, त्याचे कारण हेच होय. उत्तम वरणभातावरून स्वयंपाक्याची पारख करावी, त्यातलाच हा प्रकार आहे.

लागर प्रथम बव्हेरियात रूढ झाली. उन्हाळ्यात बिअर नासते हा अनुभव असल्यामुळे तेथे १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनविण्यास बंदी घालण्यात आली. त्यामुळे थंडीत काम करणारे यीस्ट आपोआपच निवडले गेले. हे यीस्ट (सॅकॅरोमायसीझ पास्टोरिॲनस) दोन जातींच्या संकरातून निर्माण झालेले आहे. त्यांपैकी थंडी सोसणारी जात (सॅ. यूबायानस) २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या पॅटागोनिया भागातील अरण्यात आढळल्याचे जाहीर झाले. पुढे ती तिबेटात व आयर्लंडमध्येही सापडली.

आज जिला पिल्स्नर म्हणतात ती फिकट सोनेरी लागर एका कठोर परीक्षणातून जन्मली. बोहीमियातील (आताच्या चेक प्रजासत्ताकातील) पिल्सेन या गावी १८३८ मध्ये ३६ पिंपे बिअर पिण्यास अयोग्य ठरवून सर्वांदेखत ओतून देण्यात आली. त्यानंतर नागरिकांनी सामायिक ब्रुअरी उभारली आणि योझेफ ग्रोल या बव्हेरियन तज्ज्ञास बोलाविले. त्यांनी ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिला घाणा लावला. तेथील अत्यंत मृदू पाणी, फिकट माल्ट व झाटेत्स परिसरातील सौम्य सुगंधी हॉप यांचा मेळ जमून आला आणि ही बिअर यूरोपभर गेली. १८७० नंतर कार्ल फोन लिंडे यांच्या शीतन यंत्रांमुळे लागरचे उत्पादन बाराही महिने शक्य झाले. १८८३ मध्ये एमिल क्रिस्तियन हान्सेन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत यीस्टचे शुद्ध संवर्धन मिळविले. त्यामुळे बिअरमधील दोषांची कारणे निश्चितपणे शोधता येऊ लागली.

परीक्षणाची पूर्वतयारी : नमुना थोडा, म्हणजे ६० ते १०० मिलि. पुरतो. अल्कोहॉलामुळे इंद्रिये मंदावतात, म्हणून एका बैठकीत सहा-आठांपेक्षा जास्त नमुने घेत नाहीत. सौम्य बिअर आधी व कडक नंतर असा क्रम ठेवतात. पेला वासरहित व तेलकटपणापासून पूर्ण मुक्त असावा लागतो, कारण स्निग्ध पदार्थाचा अंशही फेस मोडतो. अत्तर, विडी-सिगारेट व मसालेदार जेवण यांनंतर लगेच परीक्षण करू नये. तोंड साफ करण्यास कोमट पाणी व साधा पाव पुरेसा असतो. आपल्याकडे बिअर बर्फासारखी गार पिण्याची रीत आहे. तहान भागविण्यास ती योग्य असली तरी परीक्षणास घातक आहे. इतक्या थंडीत गंधद्रव्ये बाहेर पडत नाहीत व दोष लपून राहतात. लागरचा नमुना ६° ते ९° से. ला ओततात आणि तो पेल्यात हळूहळू निवळत गरम होत असताना पुन्हा पुन्हा हुंगतात. शेवटच्या घोटातील निकाल पहिल्यापेक्षा अधिक विश्वसनीय असतो.

ओतल्याबरोबर प्रथम वास घेतात, कारण गंधकयुक्त द्रव्ये मिनिटभरात उडून जातात. काडी ओढल्यासारखा किंचित गंधकाचा वास ताज्या लागरमध्ये स्वाभाविक असतो. सडक्या अंड्याचा वास मात्र किण्वनातील किंवा मुरविण्यातील त्रुटी दाखवितो. त्यानंतर रंग, नितळपणा व फेस पाहतात. माल्टमधील प्रथिने व हॉपमधील कडू द्रव्ये यांच्यामुळे फेस टिकतो. चांगल्या फेसाचे बुडबुडे बारीक व दाट असतात आणि पेला रिकामा होत जाताना त्याची जाळी काचेवर राहते. गाळून न घेतलेली लागर थोडी धूसर असते. तो दोष समजत नाहीत.

घोट घेतल्यावर तो तोंडभर फिरवून गिळतात. वाइनच्या परीक्षकांप्रमाणे थुंकून टाकण्याची पद्धत येथे सहसा नसते. कडू चव फक्त जिभेच्या मागील भागाला कळते, असे त्याचे कारण पूर्वी सांगत. मात्र जिभेचे असे ठराविक प्रांत पाडणारा नकाशा चुकीचा ठरला आहे. खरे कारण असे की, गिळल्यानंतर घशातून नाकात जाणारा गंध आणि मागे रेंगाळणारा कडवटपणा हेच लागरचे निर्णायक गुण आहेत. कडवटपणा एका आंतरराष्ट्रीय एककात मोजतात. १ एकक म्हणजे १ लि. बिअरमध्ये हॉपपासून बनलेली कडू आयसो-अल्फा अम्ले सु. १ मिग्रॅ. होत. म्युनिकच्या हेलेस लागरमध्ये ही एकके सु. १६ ते २२, जर्मन पिल्स्नरमध्ये २२ ते ४० व चेक फिकट लागरमध्ये ३० ते ४५ असतात. जिभेला मात्र केवळ आकडा कळत नाही. चेक लागरमध्ये न आंबलेली शर्करा अधिक राहत असल्याने तिचा कडवटपणा गोलसर वाटतो. तेवढ्याच एककांची जर्मन पिल्स्नर कोरडी व धारदार लागते. चांगल्या लागरमधील कडवटपणा स्वच्छ असतो, म्हणजे तो स्पष्ट जाणवतो, पुढच्या घोटाची इच्छा उत्पन्न करतो व मग निघून जातो. घशाला चिकटून राहणारा तुरटपणा हा सामान्यतः साली अति गरम पाण्याने धुतल्याचा किंवा पाणी अयोग्य असल्याचा पुरावा असतो.

दोष व त्यांची भाषा : दोषांची नावे सर्वांनी एकाच अर्थाने वापरावीत म्हणून मॉर्टन मेलगार्ड या डॅनिश तज्ज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात बिअरच्या स्वादांचे चक्र तयार केले. अमेरिकेतील व यूरोपातील व्यावसायिक संस्थांनी ते स्वीकारले. त्यातील उपमा अर्थातच पाश्चात्त्य स्वयंपाकघरातल्या व रानातल्या आहेत. मराठी परीक्षकाला त्या जशाच्या तशा घेण्याची गरज नाही. खमंग, खरपूस, करपट, कुबट, खवट, आंबूस, हिरवट, ओशट हे शब्द आपल्याकडे वासांतील सूक्ष्म भेदांसाठी रोज वापरले जातात, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते परीक्षणाच्या कामी ते उसन्या संज्ञांहून सरस ठरतात. मात्र प्रत्येक शब्द कोणत्या द्रव्याचा वाचक आहे हे आधी ठरवून घ्यावे लागते. त्यासाठी निर्दोष बिअरमध्ये त्या द्रव्याचा ज्ञात अंश घालून परीक्षकांना सराव देतात.

उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास डायमिथिल सल्फाइडाचा असतो. त्याचे पूर्वद्रव्य फिकट माल्टमध्ये जास्त असल्याने हा दोष लागरमध्येच विशेष आढळतो. अर्क जोराने व झाकण न ठेवता उकळल्यास तो वाफेबरोबर निघून जातो. हिरव्या सफरचंदाचा, काहीसा कच्चा वास ॲसिटाल्डिहाइडाचा असून तो बिअर अपुरी मुरल्याचे दर्शवितो. केळ्याचा वास एलमध्ये चालतो, पण लागरमध्ये तो किण्वन फार उष्ण झाल्याची खूण होय. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास बिअर जुनी झाल्याचा किंवा तिला हवा लागल्याचा असतो. प्रकाशामुळे हॉपमधील कडू द्रव्यांचे विघटन होऊन एक गंधकयुक्त संयुग बनते. ते १ लि. मध्ये काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते. पाश्चात्त्य लोक या वासाला स्कंक या प्राण्याची उपमा देतात. तो प्राणी येथे नसल्यामुळे जळके रबर व लसूण यांच्या मधला उग्र वास असे त्याचे वर्णन करता येईल. तपकिरी काच त्यापासून बरेच संरक्षण देते, हिरवी थोडे व पारदर्शक जवळजवळ नाहीच.

या सर्वांत अधिक विचार करण्याजोगे द्रव्य म्हणजे डायॲसिटिल. त्याला लोण्याचा वास येतो व ते जिभेवर ओशटपणा आणते. किण्वन चालू असताना यीस्ट एक पूर्वद्रव्य बाहेर टाकते आणि त्यापासून डायॲसिटिल बनते. पुढे यीस्टच ते पुन्हा शोषून घेते. थंडीत ही दुसरी क्रिया फार मंद चालते. म्हणून किण्वन संपत आले की टाकीचे तापमान सु. १६° से. पर्यंत चढवून दोन-तीन दिवस थांबतात व मगच बिअर थंड करतात. हे काम पुरे झाले की नाही हे पाहण्याची साधी चाचणी आहे. नमुन्याचे दोन भाग करून एक भाग सु. ६५° से. ला अर्धा तास तापवितात, दोन्ही सारखे गार करतात व हुंगतात. तापविलेल्या भागाला लोण्याचा वास आला, तर पूर्वद्रव्य शिल्लक आहे असे समजून यीस्टला आणखी वेळ देतात. लागरमध्ये डायॲसिटिल १ लि. मध्ये सु. ०·१ मिग्रॅ. झाले की बहुतेकांना कळते. काहींना ते अनेकपट असूनही कळत नाही. आपल्या नाकाची अशी उणीव परीक्षकाने सरावातूनच जाणून घ्यावी लागते.

डायॲसिटिलाच्या बाबतीत दोष व गुण यांची सीमा प्रकारावर अवलंबून असते. चेक फिकट लागरमध्ये त्याचा पुसटसा अंश मान्य आहे. जर्मन पिल्स्नरमध्ये तोच अंश दोष मानतात. त्यामुळे ब्रुअरीने आपल्या बिअरला कोणते नाव दिले आहे, हे पाहिल्यावाचून निकाल देता येत नाही. चाहते मात्र येथेच घसरतात. आवडत्या ब्रुअरीच्या लागरमध्ये लोण्याचा वास आला की ती ‘घरची खास चव’ ठरते आणि दुसरीच्या बिअरमध्ये आला की निष्काळजीपणा. पुष्कळदा दोन्हीकडे खरे कारण एकच असते, ते म्हणजे टाकी मोकळी करण्याची घाई. एल दोन आठवड्यांत तयार होत असेल, तर एका टाकीतून वर्षात २६ घाणे निघू शकतात. सहा आठवडे घेणाऱ्या लागरचे आठ-नऊच निघतात. शिवाय शीतनाचा खर्च वेगळा. लहान ब्रुअरीला हा भार मोठा असतो. अशा वेळी चाहत्यांनी चालवून घेतलेला दोष पुढच्या घाण्यातही येतो, कारण तो काढण्यासाठी टाकी आणखी चार दिवस अडवून ठेवण्याचे कारणच कोणी दाखविलेले नसते.

गुणांकन व निःपक्षपातीपणा : अमेरिकेत १९८५ मध्ये स्थापन झालेल्या बिअर परीक्षकांच्या प्रमाणन संस्थेच्या गुणपत्रिकेत ५० गुण असतात : गंध १२, स्वरूप ३, चव २०, मुखस्पर्श ५ व एकूण ठसा १०. रंगरूपाला दिलेले अल्प गुण विचारपूर्वक ठरविलेले दिसतात. ‘एकूण ठसा’ या सदरातील १० गुण मात्र सैल आहेत. आवडनिवड शिरते ती याच दाराने. म्हणून आकड्यांपेक्षा त्यासोबत लिहिलेली कारणे अधिक उपयुक्त असतात.

नावाचा प्रभाव किती असतो याची पाहणी राल्फ ॲलिसन व केनेथ यूल यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेतील ३२६ बिअर पिणाऱ्यांना त्यांनी घरी प्रथम नाव नसलेल्या व नंतर नाव लावलेल्या बाटल्या दिल्या. नाव नसताना पिणाऱ्यांना आपली नेहमीची बिअर इतरांपासून वेगळी ओळखता आली नाही. नाव दिसताच त्यांनी तिला इतरांहून स्पष्टपणे जास्त गुण दिले. त्या बिअर एकमेकींच्या पुष्कळ जवळच्या होत्या, हे खरे. तथापि घाण्याघाण्यातील फरकही तितकाच सूक्ष्म असतो, आणि तोच तर शोधावयाचा असतो.

यावर उपाय म्हणजे नाव झाकून परीक्षण करणे. त्याची सर्वांत उपयुक्त रीत त्रिकोण चाचणी ही असून कार्ल्सबर्ग ब्रुअरीत १९४० नंतरच्या दशकात ती परीक्षक निवडण्यासाठी वापरली गेली. तीन पेल्यांपैकी दोहोंत एकच बिअर असते व तिसऱ्यात वेगळी. वेगळा पेला कोणता, एवढेच सांगावयाचे असते. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येतेच. म्हणून १२ परीक्षकांपैकी चौघांचे उत्तर बरोबर आले तर काहीच सिद्ध होत नाही. निदान आठांचे बरोबर यावे लागते. ही चाचणी घरीही करता येते. पेले भरणारा माणूस मात्र वेगळा असावा व पेल्यांवर केवळ खुणेचे अंक असावेत. आपण ज्या ब्रुअरीचे चाहते आहोत तिची लागर व त्याच प्रकारची दुसरी लागर या दोहोंतील फरकच ओळखता येत नसेल, तर कोणती श्रेष्ठ हा वाद पुढे चालविण्यात अर्थ नाही.

क्राफ्ट लागर : अमेरिकेत १९७० नंतर निघालेल्या लहान ब्रुअरींनी बहुतांशी एलच बनविली. जिम कुक यांनी १९८४ मध्ये बॉस्टन बिअर कंपनी स्थापन केली आणि पुढील वर्षी सॅम्युएल ॲडम्स बॉस्टन लागर विक्रीस आणली. ती या प्रवाहातील महत्त्वाची लागर होय. घराण्यातील जुन्या कृतीवर आधारलेली ही बिअर तांबूस पिवळी असून तिच्यात भाजलेल्या माल्टचा खरपूस गोडवा व जर्मन हॉपचा फुलांसारखा गंध असतो. अल्कोहॉलाचे प्रमाण शेकडा सु. ५ आहे. पिल्स्नरच्या मापाने पाहिल्यास तिचा रंग व गोडवा दोन्ही चूक ठरतील. व्हिएन्ना पद्धतीच्या तांबूस लागरच्या मापाने ते योग्यच आहेत. आरंभी ही बिअर कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यात नव्हे, तर पिट्सबर्ग येथील दुसऱ्या ब्रुअरीत करारावर बनविली जात असे. कंपनी पुढे इतकी वाढली की, अमेरिकेतील ब्रुअरींच्या संघटनेने ‘क्राफ्ट’ म्हणविण्यासाठी असलेली वार्षिक २० लक्ष पिंपांची मर्यादा २०११ च्या सुमारास ६० लक्ष केली. म्हणजे क्राफ्ट हे विशेषण ब्रुअरीचा आकार व मालकी सांगते. पेल्यातील बिअरविषयी त्यावरून काही कळत नाही.

महाराष्ट्रात पुणे येथे २००९ मध्ये डूलाली ही लहान ब्रुअरी सुरू झाली. तिचे नाव नासिकजवळच्या देवळालीच्या छावणीवरून इंग्रजी सैनिकांच्या बोलीत रूढ झालेल्या शब्दाचे आहे. त्यानंतर मुंबई, पुणे, बंगळूर इ. शहरांत अशा ब्रुअरी वाढल्या. त्यांत गव्हाची बिअर व एल यांवर भर दिसतो आणि त्याचे कारण वर सांगितलेले टाकीचे गणित हेच असावे. बिअर बनते तेथेच टाकीतून पेल्यात येते, हा या ठिकाणांचा मोठा लाभ आहे. बाटलीतील लागरचे तसे नसते. तापमान दर १०° से. ने वाढले की बिअर जुनी होण्याचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. त्यामुळे शीतगृहात कित्येक महिने टिकणारी लागर उन्हाळ्यात दुकानाच्या किंवा मालमोटारीच्या उष्म्यात काही आठवड्यांतच पुठ्ठ्याच्या वासाची होते. बाटलीवरील भरल्याची तारीख वाचल्याशिवाय तिच्या चवीचा ठपका बनविणाऱ्यावर ठेवू नये. शंका असल्यास त्याच घाण्याची थंडीत ठेवलेली बाटली मिळवून दोहोंची त्रिकोण चाचणी घ्यावी. फरक ओळखू आला, तर दोष साठवणुकीचा. दोन्हींत लोण्याचा किंवा मक्याचा वास सारखाच आला, तर तो ब्रुअरीचा असून तिला तसे कळविणे इष्ट असते.